रक्तात मुरलेलं शिसं

दसरा उलटला की घरोघरी रंगकामाची घाई सुरू होते. जुन्या चाळी, वाडे, सोसायट्यांच्या पहिल्या पिढीतले फ्लॅट, यांच्या खिडक्यांच्या चौकटींवर आणि लोखंडी गजांवर ऑइलपेंटचे चार-पाच थर एकावर एक चढलेले असतात. रंगारी पोपडे खरवडतो, मग पॉलिशपेपर घेऊन घासायला बसतो. बारीक पूड उडते आणि फरशीवर, गादीवर, पिंपाच्या झाकणावर जाऊन बसते. संध्याकाळी कोरड्या केरसुणीने झाडलोट होते, म्हणजे ती पुन्हा एकदा उडते. रंगाऱ्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो, तो पुरेसा नाही. रांगत्या मुलाला तर तेवढाही आडोसा नसतो. ते त्याच फरशीवर फिरतं आणि दर दोन मिनिटांनी हात तोंडात घालतं.

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं किती चालेल याची सक्तीची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली : दहा लाख भागांत ९० भाग. नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्यांना लागू होतो, भिंतीवर आधीच चढलेल्या थरांना नाही. पिवळा, केशरी, हिरवा असे भडक रंग शिशाच्या क्रोमेटवर उभे होते आणि ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाची संयुगं घालत. आजोबांनी मोठ्या हौसेने लावून घेतलेला तो चकचकीत पिवळा रंग आज नातवाच्या श्वासात जातो आहे.

शिसं शरीराला कुठल्याच कामासाठी लागत नाही. लोह, तांबं, जस्त हे धातू थोडे थोडे लागतात, शिशाचा एक कणही लागत नाही. तरीही शरीर ते आत घेतं, कारण त्याच्या अणूची वागणूक कॅल्शियमशी मिळतीजुळती असते. आतड्यातून कॅल्शियम ज्या वाटेने शिरतं त्याच वाटेने शिसं शिरतं, रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं आणि चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या नेमक्या जागी कॅल्शियमचं काम बिघडवतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण ते सगळंच काही बाहेर जात नाही. बराचसा भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथे वीस-तीस वर्षं राहतो. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटू लागतं, त्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेलं शिसंही सुटतं आणि नाळेतून बाळापर्यंत जातं. तिने आयुष्यात नंतर कितीही जपलं असलं तरी हे घडतं. या विषयातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. आता यापुढे महाराष्ट्राचा एक आकडा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शिसं स्वतःही हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतली विकरं अडवून रक्तक्षय करतं. म्हणजे लोह कमी म्हणून शिसं जास्त, आणि शिसं जास्त म्हणून रक्त कमी, असा हा फेरा आहे. त्यात सापडलेल्या मुलाला आपण लोहाच्या गोळ्या देत राहतो आणि फरक का पडत नाही म्हणून आईलाच विचारतो, नीट देतेस ना?

या विषाची लक्षणं ओळखू येत नाहीत, म्हणून ते इतकं पसरू शकलं. पोटात कळा येणं, मनगट लुळं पडणं, फेफरं येणं हे सगळं फार मोठ्या मात्रेत होतं. त्याहून कमी मात्रेत मूल फक्त थोडं मागे राहतं. लक्ष लागत नाही, चिडचिड करतं, वाचायला उशिरा शिकतं. अशा मुलाला शाळेत ‘ढ’ म्हणतात आणि घरी ‘हट्टी’. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या बालरोग व मानसोपचार तज्ज्ञाने शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यांतलं शिसं मोजलं आणि १९७९ साली दाखवून दिलं की वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही दातातल्या शिशाबरोबर बुद्ध्यंक घसरतो आणि वर्गातली वागणूक बिघडते. शिसे उद्योगाची बाजू घेणाऱ्यांनी त्याच्यावर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप केला, चौकशा लावल्या. तो त्यांतून निर्दोष सुटला. पुढे २००५ मध्ये अनेक देशांतल्या मुलांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात आणखी वाईट गोष्ट दिसली : सर्वांत जास्त नुकसान सुरुवातीच्या थोड्या शिशानेच होतं. एका डेसिलीटर रक्तातलं, म्हणजे शंभर मिलिलीटरमधलं, शिसं २.४ मायक्रोग्रॅमवरून १० वर गेलं की बुद्ध्यंक सुमारे चार गुणांनी उतरतो. पुढे १० वरून २० वर जाताना तो सुमारे दोनच गुणांनी उतरतो.

म्हणून ‘एवढ्याशाने काय होतं’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत काळजी नाही असं मानत. ती रेषा १९९१ मध्ये १० वर आली, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर. जागतिक आरोग्य संघटना पाच किंवा त्याहून जास्त झालं की कारवाई करायला सांगते आणि सुरक्षित अशी पातळीच नाही असंही स्पष्ट म्हणते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून अधिक शिसं आहे आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात आहेत. मोठ्या माणसांत शिसं रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडं आणि रक्तवाहिन्या खराब करतं. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अंदाज मांडला की २०१९ या एका वर्षात शिशामुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी सुमारे ५५ लाख प्रौढ मेले. दाखल्यावर मृत्यूचं कारण हृदयविकार एवढंच लिहिलं जातं.

इतकं वाचून हात टेकावेत असं वाटेल. तसं करण्याचं कारण नाही, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे.

पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती १९२१ साली जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने शोधली. इंजिनाची ठकठक थांबली आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या रस्त्यांवर गाड्यांच्या धुरातून शिसं फवारलं गेलं. पृथ्वीचं वय मोजणारा भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन याला आपल्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसं सापडायला लागलं. ते निसर्गातलं नाही, माणसाने पसरवलेलं आहे, असं त्याने १९६५ मध्ये लिहिलं आणि तोही शिसे उद्योगाच्या रोषाला तोंड देत राहिला. भारतात चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. १९९७च्या सुमारास बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने डॉ. वेंकटेश तुप्पिल यांच्या पुढाकाराने देशातल्या मोठ्या शहरांत मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा मुंबईतल्या जवळजवळ ६२ टक्के मुलांत शिसं १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त होतं. पेट्रोल बदलल्यावर दोनच वर्षांनी मुंबईतल्या साडेसातशेच्या आसपास मुलांची तपासणी झाली. आता ते प्रमाण ३३ टक्के होतं. एक सरकारी आदेश निघाला आणि मुलांच्या रक्तातलं विष इतक्या वेगाने उतरलं. कुणाला औषध द्यावं लागलं नाही की आयांना शिकवावं लागलं नाही. उरलेल्या ३३ टक्के मुलांच्या रक्तातलं शिसं मात्र पेट्रोलमधून येत नव्हतं.

मग ते कुठून येतं? याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशात सापडलं आणि ते स्वयंपाकघरातलं होतं.

तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त का, याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्याच्या ‘आयसीडीडीआर,बी’ या संशोधन संस्थेतले सहकारी घेत होते. आसपास कारखाने नाहीत, रंगाची घरं नाहीत. माती, भांडी, तांदूळ, कीटकनाशकं, सगळं तपासलं. शिशाची समस्थानिकं, म्हणजे त्याच्या मूळ खाणीची खूण, जुळवून पाहिली तेव्हा ती हळदीशी जुळली. हळकुंड जितकं पिवळंधमक तितका भाव जास्त, म्हणून पॉलिश करताना त्यावर लेड क्रोमेट टाकत होते, म्हणजे रंगाच्या कारखान्यातली पिवळी भुकटी. वजनाने तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग शुद्ध शिसं असतो. पुरात भिजून काळवंडलेली हळद विकायची म्हणून १९८०च्या दशकात ही चाल सुरू झाल्याचं तिथले व्यापारी सांगत. पॉलिश करणाऱ्यांना ते विष आहे हे ठाऊकही नव्हतं. गिऱ्हाइकाला पिवळी हळद हवी, एवढंच त्यांना माहीत होतं.

सांगली, हिंगोली, वसमत या भागांतल्या कुणालाही हे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. हळद काढायची, शिजवायची, अंगणात पसरून वाळवायची. वाळलेलं हळकुंड काळपट, मुळ्यांनी भरलेलं आणि सुरकुतलेलं दिसतं. ते फिरत्या ढोलात घालून घासलं की साल आणि मुळ्या झडतात आणि आतला सोनेरी रंग वर येतो. मग सौद्यात व्यापारी हळकुंड मोडून पाहतो, रंग पाहतो, भाव बोलतो. रंगाला पैसा आहे, आणि पॉलिशच्या ढोलात मूठभर भुकटी टाकायला क्षणही लागत नाही. बांगलादेशात नेमकं हेच झालं. महाराष्ट्राच्या हळदीवर हा ठपका मी ठेवत नाही. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका यांतल्या २३ शहरांतली हळद तपासली गेली तेव्हा पाटण्यातल्या काही नमुन्यांत दर ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं. आपल्या अन्न सुरक्षा कायद्याची मर्यादा दहा आहे. हळद पिकवण्यात आपल्या राज्याचं नाव मोठं आहे, म्हणून तिचं नाव सांभाळण्याची जबाबदारीही आपल्यावर जास्त येते.

बांगलादेशने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. २०१९ मध्ये संशोधन प्रसिद्ध होताच तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत सूचना लावल्या. लेड क्रोमेट मिसळणं गुन्हा आहे, हे व्यापाऱ्यांना समजावलं. ढाक्याच्या शामबाजारात क्ष-किरणांचं हातातलं यंत्र घेऊन अधिकारी गेले, जागच्या जागी हळद तपासली आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांना दंड ठोठावला. दूरचित्रवाणीने ते देशभर दाखवलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. श्रीमंत देश नव्हे, प्रचंड यंत्रणा नव्हे, आणि दोन वर्षांत हा प्रश्न सुटला. आपल्याला हे जमणार नाही असं मानायला मी तयार नाही.

घरातल्या इतर वाटा लहान आहेत, पण पुष्कळ आहेत. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच तांबडा ऑक्साईड. मारुतीच्या अंगावर तो शतकानुशतकं चढला आहे. देवाला वाहिलेला शेंदूर कपाळी लावला, बोट मुलाच्या ओठाला लागलं, एवढं पुरतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून आणि भारतातून आणलेल्या ११८ सिंदूर नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या मर्यादेहून जास्त शिसं न्यू जर्सीतल्या १९ टक्के आणि भारतातल्या ४३ टक्के नमुन्यांत होतं. हळद आणि चुन्यापासून केलेल्या कुंकवात ही भीती नाही, अर्थात हळद शुद्ध असली तर. घरी तेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी, कार्बन. बाजारातला सुरमा मात्र पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो आणि तो तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घातला जातो.

रसौषधींबद्दल, म्हणजे धातूंच्या भस्मांच्या आयुर्वेदिक औषधांबद्दल, बोलताना लोक दुखावतात, तरी बोललं पाहिजे. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या भारतीय आणि अमेरिकी बनावटीच्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सुमारे पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिकलेला वैद्य, मान्यताप्राप्त औषधशाळा आणि वेष्टनावर घटक, एवढं तरी असावं. पुडीत बांधून मिळणारी, नाव नसलेली राखाडी भुकटी मूळव्याधीवर, मधुमेहावर किंवा मूल होण्यासाठी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांना मग पोटात कळा येतात, रक्त उतरतं, आणि अपेंडिक्सपासून अल्सरपर्यंत सगळे तपास होतात. भुकटीबद्दल कुणी विचारत नाही.

भांड्यांचंही तेच. पितळेच्या पातेल्याला कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि वितळल्यावर दोन्ही सारखीच चकाकतात. त्यातच कढी, चिंचेचं सार, आमसुलाची सोलकढी, म्हणजे धातू ओढून घेणारे आंबट पदार्थ. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतूनही शिसं पाझरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये आयात भांड्यांबद्दल इशारा दिला त्यात ॲल्युमिनियम, पितळ आणि आपल्या ओळखीचं हिंडालियम यांची नावं होती.

पण आज शिशाचा खरा पूर येतो तो बॅटरीतून. जगातलं बहुतेक शिसं आता बॅटऱ्यांतच जातं. इन्व्हर्टर, मोटारी, मोबाईलचे टॉवर, आणि गावोगाव फिरणाऱ्या ई-रिक्षा. बॅटरी मेली की भंगारवाल्याकडे जाते, कारण तिच्यातल्या शिशाला रोख भाव आहे. चांगल्या कारखान्यात ती बंदिस्त यंत्रात फुटते आणि धूर गाळला जातो. बेकायदा भट्टीत ती कुऱ्हाडीने फुटते. ॲसिड नाल्यात ओततात, प्लेटा कढईत टाकतात, खाली कोळसा पेटवतात. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, म्हणून त्याला मोठी भट्टी लागत नाही, आडोशाला दोन माणसं हे काम करू शकतात. धूर शेतांवर बसतो, मळी मातीत मिसळते, कामगार तेच कपडे घालून घरी जातो आणि मूल धावत येऊन त्याला बिलगतं. सेनेगलची राजधानी डाकारच्या उपनगरात २००७-०८ मध्ये अशाच धंद्याने अठरा मुलं दगावली. बॅटरी कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०२२ मध्ये नव्याने आले आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. बेकायदा भट्टीवाला जोवर जास्त भाव देतो तोवर बॅटरी तिकडेच वळणार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांच्या रक्तात सरासरी ५३.६ मायक्रोग्रॅम शिसं होतं. तुलनेसाठी शिशाशी कामाचा संबंध नसलेले निरोगी लोक घेतले होते, त्यांच्यात साडेबारा. कामगारांचा आकडा भयंकर आहेच. माझी नजर मात्र दुसऱ्या आकड्यावर खिळून राहते. ज्यांना आपण विषबाधा नसलेले म्हणून मोजपट्टीला धरलं, त्यांच्याच रक्तात आजच्या कारवाईच्या रेषेच्या अडीच पट शिसं होतं.

शिशासारखाच नकळत घरात शिरणारा दुसरा धातू पारा. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं लागोपाठ बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना तिघींत एकच दुवा सापडला : ब्यूटी पार्लरमधून घेतलेलं, चेहरा उजळवणारं क्रीम. त्यात पारा होता. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात गोरं करणाऱ्या क्रीममुळे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे अनेक रुग्ण नोंदवले. क्रीम थांबवल्यावर बहुतेक सुधारले. गोऱ्या रंगाच्या हव्यासापायी मुलींना काय सोसावं लागतं याचा हिशेब लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द छापणाऱ्या प्रत्येकाने मांडावा.

शिशावर औषध आहे, पण ते थोडंच उपयोगी पडतं. रक्तातून शिसं ओढून काढणारी औषधं मोठ्या विषबाधेत जीव वाचवतात. पण मध्यम पातळीच्या मुलांना ती देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले : रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धी मात्र सुधारली नाही. मेंदूचं झालेलं नुकसान परत येत नाही. म्हणून सगळा भर शिसं आत शिरण्याआधीच ते शोधण्यावर हवा. आणि आपल्याकडे शोधण्याचीच सोय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लाखो मुलांच्या बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. २०१६ ते १८ मधल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचं रक्त घेऊन लोह, जस्त, जीवनसत्त्वं तपासली. शिसं तपासलं नाही. सुई टोचलेली असते, मूल रडून झालेलं असतं, नमुना प्रयोगशाळेत पोचलेला असतो. त्यातल्या काही नमुन्यांत शिसं मोजलं तरी कुठल्या जिल्ह्यात मुलं शिशाच्या सान्निध्यात वाढताहेत याचा नकाशा तयार होईल. आपल्या आमदार-खासदारांकडे ही एक मागणी लेखी करा.

तोवर घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. जुना रंग काढायचा तर कोरडा घासू नका, पाणी मारून ओला खरवडा. मुलांना आणि गरोदर बाईला ते काम होईपर्यंत दुसरीकडे ठेवा, आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. अख्खं हळकुंड पाण्यात टाकून पाहा, पाणी लगेच पिवळं झालं तर ते वापरू नका. बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्या आणि पावती घ्या. आणि मुलाचा रक्तक्षय लोहाच्या औषधाने हटत नसेल, घरात कुणी बॅटरीचं, रंगाचं, भंगाराचं किंवा चांदी गाळण्याचं काम करत असेल, तर डॉक्टरांना सांगून मुलाची ‘ब्लड लेड’ तपासणी करून घ्या. ही तपासणी मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत होते. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही झाली पाहिजे.